खुर्चीखालचा नंबर

वेतमावशीच्या धंद्याची पाटी कुठल्या भिंतीवर नव्हती, खांबावर नव्हती, पेपरात तर कधीच नव्हती. ती होती लोकांच्या बुडाखाली. खुर्चीची बैठक वेतानं विणून झाली, कडेच्या खुंट्या ठोकून झाल्या, की मावशी खुर्ची उपडी करायची आणि आतल्या लाकडी पट्टीवर बारीक ब्रशानं, काळ्या ऑइलपेंटनं आपला मोबाइल नंबर लिहायची. नाव नाही, पत्ता नाही. नुसता नंबर. वेत चांगला असला आणि बसणारा बेताच्या वजनाचा असला, तर बैठक वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. मग कधीतरी मधलं जाळं सैल पडतं, बसणाऱ्याला झोळीत बसल्यासारखं वाटायला लागतं, कुणीतरी वैतागून खुर्ची उलटी करतं, आणि तिथं तो नंबर वाट बघत बसलेला असतो.

"मला जाहिरात कशाला पाहिजे?" मावशी म्हणायची. "लोक दिवसभर माझ्या जाहिरातीवरच तर बसलेले असतात."

शहरातल्या निम्म्या खुर्च्या तिच्या हाताखालून गेलेल्या. ग्रंथालयातल्या, दवाखान्यातल्या, शाळेच्या स्टाफरूममधल्या, वकिलांच्या. माणूस तिला चेहऱ्यावरनं आठवायचा नाही, पण खुर्ची सांगा, लगेच सांगायची. "अमक्या डॉक्टरची ना? डावीकडं रेलून बसतो तो. डावी बाजूच आधी जाते." असा हा धंदा. घाई नाही, गर्दी नाही, पण फोन वाजायचाच. आज नाही वाजला तर परवा. म्हणजे सगळा डोलारा त्या एका नंबरावर.

आणि तो नंबर होता नवऱ्याच्या ताब्यात.

नवऱ्याला सगळी आळी मिसकॉलराव म्हणायची. गोदामावर रखवालदार होता, आता रिटायर. पगार बेताचा, म्हणून काटकसरीची सवय लागली, आणि मग काटकसरीचा नादच लागला. दुसऱ्या कशात नाही, बरं का. खाण्यापिण्यात मोकळा माणूस. पण मोबाइल कंपनीला पैसा द्यायचा म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. दूधवाल्याला एक रिंग म्हणजे अर्धा लिटर, दोन रिंगा म्हणजे एक लिटर. परगावच्या लेकीला रोज संध्याकाळी एक रिंग, म्हणजे आम्ही धडधाकट. चुकून कुणी तिकडून फोन उचललाच तर मिसकॉलरावांचा चेहरा खिसा कापल्यासारखा व्हायचा. ते "हॅलो" सुद्धा म्हणायचे नाहीत. हॅलोचेही पैसे पडतात.

त्यांचा खरा हुन्नर मात्र सिमकार्डांचा. नवीन सिम घेतलं की सुरुवातीला कंपनी नव्या पाहुण्यासारखे लाड करते, बोला किती बोलायचं ते, सगळं फुकट. पाहुणा जुना झाला की त्याच्याच ताटाचे पैसे मागायला लागते. मिसकॉलराव जुने व्हायच्या आत उठायचे. एक ऑफर संपली की दुसऱ्या कंपनीचं सिम. काढलेली सिमं एका गोळ्यांच्या डब्यात. तो डबा हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायचा.

आता असं दर दोन-तीन महिन्यांनी सिम बदललं तर मावशीच्या नंबराचं काय? त्यावरही त्यांनी तोड काढली. मावशीचा जुना नंबर बंद करायचा नाही, फक्त त्यावर येणारा फोन आपोआप नव्या नंबराकडं वळवून द्यायचा. वळवून झालं, की जुनं सिम काढून डब्यात. त्या सिमवरनं बोलायचंच नाही, तर त्याला पैसे कशाला? मावशीचे हात दिवसभर भिजत घातलेल्या वेतानं ओले असायचे, तिनं कधी त्यात लक्ष घातलं नाही. फोन वाजतोय ना? मग झालं. महिनाअखेरीला मिसकॉलराव फोनमधून वाचलेले पैसे तिच्यासमोर एका पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि असे बघायचे, की जणू किल्ला जिंकून आलेत. मोठ्या पडद्याचा फोन घ्यायचा होता त्यांना. नातीचं तोंड त्यात दिसतं म्हणे.

मग फोन वाजायचा थांबला.

एकदम नाही थांबला असं मावशीला वाटत राहिलं. एक आठवडा गेला, होतं असं. महिना गेला, तेव्हा ती स्वतःलाच समजावत राहिली. त्यानंतर मात्र तिला जाता-येता सगळीकडं प्लास्टिकच्या खुर्च्या दिसायला लागल्या. एकात एक घातलेल्या, पांढऱ्याफटक, जिथं तिथं त्यांच्या उतरंडी. तिला वाटलं, झालं. आपलं संपलं. वेताचा भारा कोपऱ्यात सुकून कडक झाला. वेत भिजत घालायचा पत्र्याचा मोठा टब तिनं रिकामा केला, पुसला, आणि खिडकीखाली पालथा घातला. जड होता. एका बाजूनं तिनं धरला, दुसऱ्या बाजूनं मिसकॉलरावांनी.

"जमाना बदलला गं," ते म्हणाले.

त्या पालथ्या टबाचा त्यांना लगेच उपयोगही सापडला. नवीन स्वस्त कंपनीला घरात रेंज नव्हती. टबावर उभं राहून फोन खिडकीच्या गजाला लावला की एक पट्टी यायची. मावशी बाटल्यांच्या कारखान्यात लेबलं चिकटवायच्या कामाला लागली. दिवसभर उभं राहायचं, पट्ट्यावरनं बाटली पुढं सरकते, तिच्या पोटावर लेबल मारायचं. बाटलीत काय आहे, कुणी पिणार आहे, काही माहीत नाही. वाकडं लागलं तर मुकादमीण ओरडायची. मुकादमीण प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची.

एका संध्याकाळी कारखान्यातून सुटल्यावर बसथांब्यावर तिला ग्रंथालयातला शिपाई दिसला. जुनी ओळख. वाचनकक्षातल्या सगळ्या खुर्च्या तिनं त्याच्याशी गप्पा मारत विणलेल्या. पण आज त्यानं तिला बघितलं आणि चक्क तोंड फिरवलं.

"काय हो, ओळख विसरलात, की चष्म्याचा नंबर वाढला?"

"ओळख तुम्ही विसरलात," शिपाई पलीकडं बघतच म्हणाला. "आम्ही आपलं तोंडभरून मावशी मावशी करायचं, आणि तुम्ही घरात असला माणूस पाळून ठेवायचा."

"असला म्हणजे कसला?"

"फोन केला होता मी. म्हटलं, वाचनकक्षाच्या खुर्च्या बसल्यात, कधी येता? तर म्हणाला, त्या खुर्च्या उचल आणि... जाऊ दे. बाईमाणसासमोर सांगण्यासारखं नाही."

"कोण म्हणालं?"

"तुमचा पोरगा."

"मला पोरगा नाही."

"मग जावई!"

"जावई परगावी. आणि तो लेकीपुढं तोंड उघडत नाही, तुम्हाला कुठनं शिव्या देणार?"

"मग नवरा."

"माझा नवरा?" मावशीला हसावं की काय कळेना. "अहो, शिवी द्यायची म्हटली तरी आधी फोन उचलावा लागतो. तुम्ही नंबर कुठला लावलात?"

"कुठला म्हणजे? खुर्ची उलटी केली आणि लावला. एकदा नाही, तीनदा लावला. तिसऱ्यांदा पोरीच्या फोनवरनं, म्हटलं माझा नंबर बघून चिडत असतील. दवाखान्यातल्या कंपाउंडरलाही तोच अनुभव. तो तर म्हणाला, मावशीला फार मिजास आली." शिपायानं आता पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. तिच्या बोटांना चिकटलेला वाळका गोंद बघितला. त्याचा आवाज खाली आला. "शेवटी साहेबांनी प्लास्टिकच्या मागवल्या. तुमच्या सगळ्या वर गच्चीत पडल्यात. उन्हात."

"पहिला फोन कधी केलात?"

"थंडी पडायच्या आधी."

मावशीनं मनात मागं जाऊन बघितलं. टब पालथा घातला तेव्हा थंडी पडून गेली होती.

बस आली. शिपाई चढला, मावशी चढली नाही. ती चालत निघाली, कारण बसमध्ये बसायचं तिला सुचेना. आधी तिला वाटलं, हे दुःख असेल. पण दुःखानं पाय जड होतात, आणि तिचे पाय तर जमिनीला लागत नव्हते. लोकांनी फोन केले होते! लोकांना ती पाहिजे होती! आणि ती इतके महिने स्वतःला समजावत होती की आपली आता कुणाला गरज नाही, आपण म्हणजे अडगळ. आणि त्या बाटल्यांच्या पोटावर लेबलं मारत होती. घर येईपर्यंत तळपायाची आग मस्तकात जाऊन पोचली होती.

मिसकॉलराव टबावर उभे होते. फोन गजाला लावलेला, मान वाकडी, लेकीला रोजची एक रिंग देण्याच्या तयारीत. तिला बघून उतरायला लागले.

"उतरू नका," मावशी म्हणाली. "आहात तिथंच राहा."

ते तसेच राहिले. एक पाय उचललेला, तो परत टबावर ठेवला.

"माझा जुना नंबर कुठाय?"

"डब्यात आहे की."

"जिवंत आहे?"

"तसं बघायला गेलं तर... त्या कंपनीची रेंज आपल्या भागात जरा..."

"मी रेंज विचारली नाही. जिवंत आहे का विचारलं."

मिसकॉलरावांनी खिडकीबाहेर बघितलं. तिथून मदत येण्यासारखं काही नव्हतं. "मधे एकदा घालून बघितलं होतं सिम. फोन वळवायचा होता नव्या नंबरावर. एकही पट्टी दिसेना. मला वाटलं भिंतीमुळं असेल. म्हणून बाहेर जाऊन बघितलं. तिथंही नाही. मग सहज म्हणून दुसऱ्या सिमवरनं तो नंबर लावला."

"आणि?"

"उचलला."

"कुणी?"

"कुणीतरी पुरुष बोलला. मी ठेवून दिला लगेच."

"पैसे पडले असतील ना हो!"

मिसकॉलराव गजावरचा गंज नखानं खरवडायला लागले.

"हे कधी झालं? टब पालथा घातला त्याच्या आधी की नंतर?"

प्रश्न सोपा होता. उत्तरही एका शब्दाचं होतं. मिसकॉलरावांनी तो पायाखालच्या टबाकडं बघत सांगितला.

"आधी."

मावशी भिंतीला टेकली. "म्हणजे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं. एका बाजूनं मी धरला होता टब, पलीकडच्या बाजूनं तुम्ही. वर काय म्हणालात?"

"अगं..."

"काय म्हणालात? मला ऐकू दे परत."

"जमाना बदलला, म्हणालो."

"जमाना नव्हता बदलला, सिम बदललं होतं! जमाना बिचारा रोज फोन करत होता! आणि तुम्ही मला त्या कारखान्यात पाठवलंत, उभ्या उभ्या माझ्या पायांच्या शिरा फुगल्या, रोज रात्री पाय शेकत होते मी, आणि तुम्हीच पाणी तापवून देत होतात. तेव्हा तरी तोंडातनं शब्द फुटायचा होता!"

"घाबरलो गं मी. दर महिन्याला तुझ्यासमोर डब्यात पैसे टाकायचो मोठ्या ऐटीत. त्यात हे कसं सांगायचं? म्हटलं, तू स्वतःच म्हणतेयस प्लास्टिकनं खाल्लं धंद्याला, तर... असू दे तसंच."

मावशीनं पुढं होऊन त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. आपला नंबर तिला पाठ होता. इतक्या पट्ट्यांवर लिहिलेला, झोपेत विचारलं तरी सांगितला असता. तो तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः लावला.

"त्या कंपनीला आपल्या सिमवरनं मिनिटाला..." मिसकॉलरावांच्या तोंडून निघून गेलं. तिनं नुसतं बघितलं. त्यांनी उरलेलं वाक्य गिळून टाकलं.

पलीकडं रिंग वाजली, आणि "हॅलो" च्या जागी एक पुरुषी आवाज फुटला. "खुर्च्या नाहीत! खुर्च्या नाहीत, स्टुलं नाहीत, पाळणे नाहीत! गाडी शिकवतो मी, गाडी! किती वेळा सांगायचं?"

"खुर्च्या आहेत," मावशी म्हणाली. "माझ्या आहेत त्या. तुम्हीच लोकांना शिव्या देता होय?"

मग तो आवाज दुप्पट जोरानं आला. "अच्छा! म्हणजे तुम्हीच त्या! अहो बाई, जीव खाल्ला तुमच्या गिऱ्हाइकांनी माझा! परवा चढावर गाडी, चालवायला नवशिकी बाई, क्लच सोडलेला, मागं ट्रक, आणि तुमचं गिऱ्हाईक मला विचारतंय, तिरपी वीण घालून द्याल का?"

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? मला काय कळतं त्यातलं!"

"घालते म्हणून सांगायचं होतं की!" मावशी तडकून म्हणाली.

"हे बघा," तो गाडीमास्तर जरा खालच्या पट्टीत म्हणाला, "मी काही तुमचा नंबर चोरला नाही. दुकानात गेलो, स्वस्तातलं सिम मागितलं, त्यांनी हे हातात ठेवलं. तुम्हाला हा नंबर पाहिजे असेल तर लवकर काय ते करा. ऑफर संपत आलीय. संपली की मी फेकून देणार, मग पुढं कुणाच्या हातात जाईल मला माहीत नाही. मी दर वेळी तसंच करतो. जुन्या सिमला कोण पैसे भरत बसणार?"

मावशीनं टबावरच्या नवऱ्याकडं बघितलं. असले दोन आहेत जगात, एक पुरला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यात खाडा केला. गाडीमास्तर ठरल्याप्रमाणं आपली शिकाऊ गाडी घेऊनच कंपनीच्या दुकानात आला होता. तोंडानं फटकळ, पण वेळेचा पक्का माणूस. मिसकॉलराव मागून आले, काखेत पत्र्याचा डबा. तो घ्यायला तिनं सांगितलं होतं. दुकान चकचकीत. भिंतीवर हसणारं कुटुंब, प्रत्येकाच्या हातात फोन, कुणी कुणाकडं बघत नाही. बसायला खुर्च्या होत्या. सवयीप्रमाणं मावशीनं एक उलटी करून बघितली. खाली कुणाचाच नंबर नव्हता. प्लास्टिकला दुरुस्ती नसते, मोडली की टाकून द्यायची. तिनं ती परत सरळ केली आणि उभीच राहिली.

काउंटरवरची पोरगी लेकीच्याच वयाची. गळ्यात कंपनीची पट्टी, तोंडात घडी घातलेली वाक्यं.

"मॅडम, तो नंबर रिचार्ज न झाल्यामुळे बंद करण्यात आला आणि नियमाप्रमाणे दुसऱ्या ग्राहकाला देण्यात आला."

"करण्यात आला, देण्यात आला! कुणी केला, कुणी दिला? मला न विचारता?"

"आम्ही आधी मेसेज पाठवले होते, मॅडम."

"कुठं पाठवलेत?"

"त्याच नंबरावर."

"तो नंबर डब्यात होता!"

पोरीनं मिसकॉलरावांच्या काखेतल्या डब्याकडं बघितलं. "ह्या?"

"ह्या नाही, त्या दुसऱ्या. गोळ्यांच्या. ते जाऊ दे. माणूस मरायला टेकला तर त्याच्याच कानात सांगतात का, तू मरतोयस म्हणून? घरच्यांना सांगतात!"

"मॅडम, नंबर हा कंपनीचा असतो. ग्राहक तो फक्त वापरतो."

मावशीला हे ऐकून खरोखर दोन पावलं मागं सरावं लागलं. "कंपनीचा? ब्रशानं लिहिला मी. इतकी वर्षं लिहिला. खुर्चीखाली मुंडकं घालून, मान मोडेपर्यंत. लोक मला त्या नंबरानं ओळखतात, माझं खरं नाव कुणाला माहीत नाही. आणि मी काय भाड्यानं राहते होय माझ्या ओळखीत? तुमची कंपनी आली होती का एखादी खुर्ची विणायला?"

"जरा हळू, मॅडम."

"का हळू? हळू बोललं की स्वस्त पडतं का?"

गाडीमास्तर मधे पडला. "पोरी, मी उभा आहे ना इथं. माझ्या नावावरचा नंबर ह्यांच्या नावावर कर. मी खुशीनं देतोय. वर हात जोडतो. मला सुटू दे."

तेवढं सोपं असतं तर दुकान कशाला थाटलं असतं. ऑफरमधला नंबर दुसऱ्याच्या नावावर होत नव्हता. आधी तो मोठ्या महागड्या प्लॅनवर न्यायचा, त्याचे वर्षाचे पैसे एकदम भरायचे. मग नाव बदलायचा आकार. आणि वर 'पसंतीचा नंबर' म्हणून आणखी एक आकार, कारण मॅडम विशिष्ट नंबर मागत होत्या.

"पसंतीचा?" मावशी म्हणाली. "मला एकदाच पसंती करायची वेळ आली होती. तेव्हाही चुकलेच."

मिसकॉलरावांनी डबा दुसऱ्या काखेत घेतला.

पोरीनं इकडंतिकडं बघितलं, साहेब आतल्या खोलीत होता. ती काउंटरवरून वाकली. वाक्यांची घडी पहिल्यांदाच उलगडली. "मावशी, माझ्यावर ओरडून काय होणार? मला कळतंय तुमचं. पण समजून घ्यायचं बटणच नाही ह्या मशीनमध्ये. मी इथं काम करते, तरी माझे पैसेही दर महिन्याला कापतात."

मावशीचा राग कमी झाला नाही. पण तो ह्या पोरीवर टाकण्यात अर्थ नाही, एवढं तिला दिसलं. राग तिनं तसाच अंगावर वागवला, आणि नवऱ्याकडं वळली.

"उघडा."

"अगं, सगळे जातील ह्यात. तो फोन... नातीचा..."

"नातीला बसमध्ये बसून भेटायला जा. तोंड पूर्ण दिसतं. उघडा."

मिसकॉलरावांनी झाकण काढलं. कंपनीला द्यायचे नाहीत म्हणून एक एक करून वाचवलेले पैसे, एक एक करून, त्याच कंपनीच्या काउंटरवर त्यांनी स्वतःच्या हातानं मांडले. नोटा सरळ करताना त्यांचा अंगठा दर वेळी थोडा जास्त रेंगाळायचा. गाडीमास्तर आधी हसत होता, मग त्यालाही बघवेना, तो बाहेर गाडीशी जाऊन उभा राहिला. मावशी मात्र शेवटच्या नाण्यापर्यंत बघत राहिली. लुटलं जातंय हे तिला कळत होतं. आपलीच वस्तू आपण बाजारभावानं विकत घेतोय, वर पावतीही हसतमुखानं मिळतेय. संध्याकाळपर्यंत चालू होईल, पोरगी म्हणाली.

घरी यायच्या आधीच मावशीनं नवऱ्याला रस्त्यातून वळवलं. "ग्रंथालयात जा. शिपायाला सांगा काय झालं ते. स्वतःच्या तोंडानं. तिथून दवाखान्यात कंपाउंडरकडं."

"फोन करू का? दोन रिंगा..."

"पायी जायचं. पूर्ण बोलायचं. मधेच कापायचं नाही."

ते गेले. आले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती, आणि त्यांची मान जी खाली होती ती वर आली नव्हती. शिपायानं त्यांना गच्चीवर नेऊन एकावर एक रचलेल्या खुर्च्या दाखवल्या होत्या. उन्हानं वेत पिवळ्याचा पांढरा झालेला, ठिकठिकाणी तुटलेला. "एक एक खुर्ची उलटी करून दाखवत राहिला तो," मिसकॉलराव म्हणाले. "सगळ्यांखाली आपला नंबर."

"माझा," मावशी म्हणाली.

तिनं स्वयंपाक केला, त्यांना वाढलं, भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला. माफ वगैरे काही केलं नव्हतं, आणि एवढ्यात करायचा विचारही नव्हता. कोपऱ्यातला वेताचा भारा ओढून तिनं तो उलगडला, एक एक काडी वाकवून बघायला लागली. बऱ्याचशा काडकन मोडल्या. काही वाकल्या. वाकल्या त्या बाजूला काढल्या.

मिसकॉलरावांना बसवेना. जरा वेळानं ते उठले आणि फोन घेऊन टबावर चढले. "बघतो फक्त. चालू झालाय का."

"बघा."

फोनात आता मावशीच्या नंबराचं सिम होतं, आणि ह्या कंपनीला घरभर रेंज होती. टबावर चढायची गरजच नव्हती. पण टबाची सवय सुटायची होती त्यांची. गजापाशी नेलेला फोन त्यांच्या हातातच वाजायला लागला. ते इतके दचकले की पडता पडता राहिले. एक रिंग झाली. दुसरी झाली. जन्माच्या सवयीनं त्यांनी फोन नुसता धरून ठेवला.

"द्या इकडं!" मावशीनं फोन ओढून घेतला आणि कानाला लावला. पलीकडं कुणीतरी श्वास रोखून धरलेला.

"हॅलो," एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, अगदी दबकत. "हे बघा, शिव्या देऊ नका हं. मागच्या वेळी फार वाईट बोललात तुम्ही. मी ठेवते लगेच. फक्त विचारायचं होतं... खुर्चीखाली हा नंबर लिहिलाय. ते खुर्च्यावाले आहेत का अजून, की गेले?"

इतक्या महिन्यांत किती जणांनी अशी दबकत खुर्ची परत सरळ करून ठेवली असेल, आणि किती जणांनी परत फोन करायचं धाडस केलं नसेल, ते सगळे मावशीला एकदम डोळ्यांसमोर दिसले.

"आहे," ती म्हणाली. "कुठं जात नाही मी. खुर्ची कसली आहे? हात असलेली की बिनहाताची?"

"हाताची. डुलणारी. मधे खड्डा पडलाय."

"पडणारच. उद्या सकाळी येते. तोवर बसू नका तिच्यावर."

फोन ठेवून तिनं बाजूला काढलेल्या काड्या उचलल्या. मिसकॉलराव अजून वरच उभे होते. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, तोंड उघडलेलं होतं.

"आता उतरा खाली," मावशी म्हणाली. "टब लागणार आहे मला."